बंद ठेवलेली यूएसबी

सोल्डरचा धूर नाकात गेला की मला चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो गाळा आठवतो. नवजात बाळांच्या वॉर्डात जायचे वीस मॉनिटर टेबलांवर होते आणि माझ्या अपडेटनंतर एकही चालू होत नव्हता. यूएसबीच्या केबलने प्रोग्राम परत भरणं एवढाच मार्ग उरला होता, पण लॅपटॉपला मशीन दिसतच नव्हतं. केबल बदलल्या, पोर्ट बदलले, देवालाही विनवलं. शेवटी बूटलोडरची, म्हणजे मशीनमध्ये सगळ्यांत आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग उघडली. मेमरी वाचवायला यूएसबीची सोय मीच बंद करून ठेवली होती. खाली टेम्पो उभा होता. "मॅडम, वाट लागली. चूक माझी आहे," मी कसंबसं म्हणालो. आमच्या मालवणी सिनियर मॅडमनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "रडतंस कित्याक? स्क्रू ड्रायव्हर घे." टेम्पो रिकामा गेला. एकेक मशीन उघडून, बोर्डावर बारीक तारा सोल्डर करून आम्ही प्रोग्राम भरला. मॉनिटर एक दिवस उशिरा पोचले. साहेबांनी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आमची चूक झाली." आता माझ्या हाताखाली चार जण आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाचं चुकलं की 'आमची' म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.