मासळीच्या बर्फातला गुडघा

माझी शेवटची पोस्टिंग भामरागडच्या पलीकडच्या एका कॅम्पला होती. चहूबाजूंनी जंगल, मध्ये हेलिपॅड, एक हातपंप आणि एक व्हॉलीबॉलचं ग्राउंड. दिनक्रम ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं. मग रोड ओपनिंग, म्हणजे गाड्या जायच्या आधी रस्ता पायी चालून तपासणं. मग जेवण, हत्यारांची साफसफाई आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल. मी हवालदार. अख्ख्या सेक्शनला मी एकटा भारी होतो, असं मी म्हणतो. सेक्शनचं म्हणणं वेगळं होतं.

गुडघा वाघाशी झालेल्या झटापटीत गेला, असं मी गावात सांगितलं. चामोर्शीच्या आठवडी बाजारात त्या वाघाचे दोन वाघ झाले. गडचिरोलीच्या एस.टी. स्टँडपर्यंत त्यात एक अस्वल येऊन मिळालं. तुम्ही पैसे देऊन पुस्तक घेतलं आहे, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. व्हॉलीबॉल. मी स्मॅश मारायला उडालो. किती उंच, ते मला नका विचारू, हेलिकॉप्टरवाल्याला विचारा. खाली आलो तेव्हा पाय जमिनीत रुतला आणि अंग तेवढं वळलं. आत सुकी काडी मोडल्यासारखा आवाज झाला.

नेटच्या पलीकडे नायक रुषी मडावी होता. धानोऱ्याकडचा, माझ्यापेक्षा बराच लहान, मितभाषी. तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"उठ ना भाऊ."

"उठता येत नाई."

"नाटक तं नाई करून राह्यला?"

"नाई रे."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मेडिकला हाक मारली. मग म्हणाला, "पॉइंट आमचा."

नागपूरला ऑपरेशन झालं. गुडघ्यातलं तुटलेलं लिगामेंट काढलं आणि माझ्याच मांडीमागची एक दोरी काढून तिथं बसवली. दुसऱ्या दिवशी सर्जनसाहेब माझे जुने कागद चाळत उभे राहिले. दुखण्याच्या गोळ्यांनी माझ्या पोटात एकदा रक्तस्राव झाला होता.

"तुम्हाला जोरकस गोळ्या देता येणार नाहीत," ते म्हणाले. "एक साधी देतो. बाकी बर्फ, व्यायाम आणि श्वास."

मी फायरिंगखाली पालथा पडून राहिलेला माणूस आहे. पण त्या वाक्याला मी घाबरलो. दुखण्याची भीती होतीच, तिच्यामागे दुसरी एक उभी होती. गुडघा वेळेत वाकला नाही, तर मेडिकल बोर्ड मला कोतात, म्हणजे शस्त्रागारात, बसवणार. सेक्शन जंगलात जाणार आणि मी परत आलेल्या रायफली मोजणार. 

सिक लीव्हवर गावी आलो. चामोर्शीपासून आत, धानाच्या बांध्यांमधलं आमचं गाव. गडचिरोलीच्या एका दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमनी घडी बसवून दिली होती. पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, पण उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली उशी बरी वाटते आणि तीच गुडघा आखडवते. क्रेप बँडेज घट्ट, पण बोटं निळी पडतील इतकं नाही. पडल्या पडल्या पावलं वरखाली हलवायची. मांडी आवळून धरायची, सोडायची. बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ लावायचा, मग कातडीला विश्रांती.

बर्फ कुठून आणायचा? आमचा फ्रिज लाइट असेल तेव्हाच फ्रिज, एरवी कपाट. बायको सुनंदानं तळ्यावरच्या मासळीवाल्याशी बोलून घेतलं. तो रोज थर्माकोलच्या पेटीतला उरलेला बर्फ देऊन जाई. माझा गुडघा बोटव्या आणि मरळ माशांचा वास मारू लागला. गावातली सगळी मांजरं माझ्या खाटेखाली मुक्कामाला आली. आसपासच्या चार गावांतलीही आली, आणि एक बिबट्या कुंपणापर्यंत येऊन गेला. बिबट्याचं तुमच्या मनावर आहे.

बर्फानं ठणका उतरे. पण टाच अंथरुणावरून ढुंगणाकडे ओढत गुडघा वाकवायचा व्यायाम आला की मी गारठून जाई. आतली दोरी पुन्हा तुटेल असं वाटे. सुनंदाला सांगे, आज झाला. झालेला नसे.

रुषीचा कॅम्पवरून फोन येई. नेटवर्क टेकडीवरच मिळे, तेव्हा तो टेकडी चढून येई आणि वायरलेसवर असल्यासारखा बोले. माझ्या वाघाच्या थापेवरून त्यानं मला टायगर नाव पाडलं होतं.

"टायगर, गुडघा किती वाकला? ओव्हर."

"वाकतो आहे. ओव्हर."

"खोटं बोलून राह्यला. ओव्हर."

"तुले कसं समजलं?"

"ओव्हर म्हण. ओव्हर."

एकदा मी त्याला भीती वाटते म्हणून सांगितलं.  मग तो म्हणाला, "फायरिंग रेंजवर काय करतो? श्वास घेतो, सोडतो, मग ट्रिगर. घाबरलेलं बोट झटका देते, गोळी भलतीकडं जाते. तुया पाय झटका देऊन राह्यला."

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, पण श्वास रोखायचा नाही. हळू सोडायचा, आणि सोडता सोडता टाच ओढायची." तसं केलं. दुखलं, पण दुखणं आणि भीती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पहिल्यांदा कळलं. भीतीनं मांडी दगड होई आणि दगडामुळे दुखणं दुप्पट. मांडी सैल पडली की अर्धं दुखणं आपोआप कमी. सुनंदा शेजारी बसून तांदूळ निवडे आणि मी तिला वाघाची गोष्ट सांगत टाच ओढे. वाघ झाडावर चढेपर्यंत गुडघा बराच वाकलेला असे.

मग एक दिवस पोटरी दुखू लागली.

मला आनंद झाला. व्यायाम लागू पडला, असं वाटलं. पेट्रोलिंगवरून आलं की आम्हा सगळ्यांच्या पोटऱ्या अशाच धरत. मग जोडीदार जोडीदाराची पोटरी रगडून देई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला मोकळा. कॅम्पातला रोजचा रिवाज. माझ्या दुखण्यात मदतीला येऊन राहिलेल्या सासूबाईंना मीच म्हणालो, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करा, पोटरी रगडून द्या. त्यांनी वाटी चुलीवर ठेवली.

त्याच दुपारी रुषी सुटीवर घरी जाताना वाट वाकडी करून आला. मोटारसायकल लावली, पाणी प्याला, खाटेजवळ उभा राहिला.

"तेल कायले?"

"पोटरी धरली. रगडाले सांगितलं."

"थांबा बाई," तो सासूबाईंना म्हणाला. मग मला, "दोन्ही पाय उघडे कर."

"काऊन?"

"कर ना बे."

रोड ओपनिंगला आम्हाला एकच गोष्ट शिकवलेली असते. सुरुंग शोधायचा नसतो, तो दिसत नाही. काल होतं त्यापेक्षा आज काय वेगळं आहे, ते पाहायचं. कालचा दगड सरकला का, माती ओली का, गुरांनी वाट सोडली का. रुषी माझ्या पायांकडे रस्त्यासारखा पाहत होता. त्यानं दोन्ही पोटऱ्यांवर तळहात ठेवले.

"ही गरम आहे. आणि जाडी झाली. काल अशी होती?"

"सुजते ऑपरेशननंतर."

"गुडघा सुजते. ही खालची आहे. बर्फ लावला का कमी होते?"

मी विचार केला. होत नव्हती. पाय उंच केला तरी नाही. पावलं हलवली की उलट आत आवळल्यासारखं होई. आतापर्यंतचं प्रत्येक दुखणं कशानं ना कशानं उतरत होतं. हे जागचं हलत नव्हतं. 

रुषीनं मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला. मी सवयीनं सुरुवात केली, "मॅडम, पोटरी अशी झाली आहे जशी भोपळ्याची..." रुषीनं फोन काढून घेतला.

"मॅडम, एका पायाची पोटरी सुजली, गरम आहे, दाबली तर दुखते. बर्फानं उतरत नाई." तो ऐकत राहिला. "नाई, रगडली नाई अजून. हो. आत्ताच निघतो."

फोन ठेवून म्हणाला, "रक्ताची गाठ असू शकते म्हणे. रगडली तर सुटून छातीत जाते. उठू नको. उचलतो."

सासूबाईंनी चुलीवरची वाटी उतरवली. 

शेजारच्याची बोलेरो मिळाली. मागच्या सीटवर पाय लांब करून मला ठेवलं. सुनंदा पुढे, रुषी माझ्या डोक्याशी. गडचिरोलीचा तो रस्ता मी हजार वेळा गेलो असेन. त्या दिवशी प्रत्येक खड्डा मला छातीत जाणवत होता. मोठा श्वास घेतला तर गाठ सुटेल, असं वाटून मी उरातल्या उरात श्वास घेत होतो. एकही गोष्ट सुचली नाही. वाघ नाही, अस्वल नाही.

"छातीत दुखते?" रुषी दर थोड्या वेळानं विचारी.

"नाई."

"दम लागते?"

"नाई. भेव लागते."

"लागू दे. श्वास सोड."

सुनंदानं मागे वळून पाहिलं नाही. तिची वेणी हलत होती, त्यावरून ती रडते आहे हे समजलं.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटरीच्या शिरेत गाठ होती. छातीत गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, चोळली नाही हे बरं केलं. रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, माझ्या पोटाकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत. ज्या दुखण्याला औषध लागतं, त्याला लागतंच. बर्फ आणि श्वास बाकीच्यासाठी. हे मी आता गावात ज्याच्या त्याच्या गुडघ्याला सांगत सुटतो.

पाय वाचला. गुडघा वाकला. बोर्डानं मला कॅम्पला परत पाठवलं, पण काही काळ फक्त वायरलेसवर. एका सकाळी रस्ता तपासायला गेलेल्या पार्टीचा आवाज सेटवर आला.

"कॅम्प, कॅम्प. ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

सेट नुसता खरखरला.

"रोड पार्टी, नाव सांगा. ओव्हर."

"नायक मडावी."

पुढे त्यांनी ओव्हर म्हटलं नाही. मी हेलिकॉप्टर मागवलं, जागेचं नकाशावरचं ग्रिड दिलं, ते दोनदा तपासलं. हेलिकॉप्टर आलं. त्याचा उपयोग झाला नाही. पार्टीतले बाकीचे सगळे चालत परत आले. रुषी सर्वांत पुढे होता. त्यानं हात वर करून मागच्यांना थांबवलं होतं.

रिटायर झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. धानोऱ्याच्या पुढे, रस्त्याला लागून दोन खोल्या. त्याच्या आईनं सारवलेल्या पडवीत ताट मांडलं आणि शेजाऱ्याकडून माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मागवली. मी खुर्ची बाजूला केली आणि खाली मांडी घातली. गुडघा आतून ओढत होता.

"पाय दुखते का बापू?" तिनं विचारलं.

"दुखते, बाई," मी म्हणालो.

तिनं भात वाढला. मी सावकाश जेवलो, आणि ती समोर बसून राहिली.