चौथा सूर

पक्षाघातानंतर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा. उजवा ठणठणीत होता, पण पेटीचा भाता मारतो डावा. म्हणून आमच्या डिंगोरे गावच्या भजनी मंडळात उभी हयात पेटी वाजवलेला माणूस एकादशीलाही घरात टीव्हीसमोर बसू लागला. डॉक्टरांनी डाव्या हाताने दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी शेजारच्या कुत्र्याला खेळायला दिला. मला राग यायचा आणि भीतीही वाटायची, की हा हात आता कायमचा गेला.

ओतूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भंगारातला जाड बटणांचा एक कीबोर्ड घेऊन मी बिनभात्याची पेटी करायला बसले. कीबोर्डात बटणं ढीगभर असली तरी तारा मोजक्याच असतात, काही आडव्या, काही उभ्या. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी तार जुळते. एन्कोडर नावाचं सर्किट सारखं एकेक तार चाचपत असतं. कुठे जुळलं ते पाहून ते बटणाचा नंबर सांगतं आणि त्या नंबराचा सूर स्पीकरमधून निघतो.

अण्णांनी नाक मुरडलं. "आता टायपिंग करत देवाचं नाव घ्यायचं का?" तरी उजव्या हाताच्या बोटांनी त्यांनी दोन बटणं दाबून धरलीच. खर्ज दाखवायला मी पार डाव्या टोकाचं बटण दाबलं, तर स्पीकरमधून भलताच चौथा सूर भोकाड पसरून बाहेर आला.

"तीन बटनं दाबली, ह्यो चौथा कोन बोलला?"

मी समजावलं. दाबलेली तीन बटणं चौकटीच्या तीन कोपऱ्यांवर आली की तारा फिरून जुळतात आणि सर्किटला चौथा कोपराही दाबलाय असं वाटतं. प्रत्येक बटणामागे एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा तुकडा, लावला की ते थांबेल.

"म्हंजी कुनी न इचारता बोलतंय. आमच्या बुवांवानी." ती तीन बटणं कुठली, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. मला वाटलं, यांना इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागली.

बुवा म्हणजे मंडळाचे मुख्य गायक. त्यांनी आलाप घेतला की चहा गार होतो. डायोड लावायच्या आधीच एकादशी आली आणि अण्णा ही नवी पेटी घेऊन देवळात बसले. बुवांनी असाच आलाप लांबवला आणि पेटीने त्या चौथ्या सुराचा भोंगा दिला. बुवा थांबले.

"मशीन हाय राव," अण्णा शांतपणे म्हणाले. "नवं हाय, सवय न्हाई त्याला."

पुढच्या आलापाला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी टाळकरी खाली माना घालून हसत होते आणि बुवा माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. मी शरमेने तार तपासायला अण्णांजवळ सरकले. तेव्हा लक्षात आलं, उजवा हात दोन बटणांवर असताना तो डाव्या टोकापर्यंत पोचणं शक्यच नाही.

मी खाली पाहिलं. उपरण्याखालून डाव्या हाताचं एक बोट थरथरत, वाट काढत, त्या शेवटच्या बटणाकडे निघालं होतं. बुवा श्वास घेऊन पुढचा आलाप सुरू करायच्या आत त्याला पोचायचं होतं. ते पोचलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

घरी चालत जाताना अण्णांनी साळसूदपणे विचारलं, "ते डायोड कवा लावतीस?"

"मिळत नाहीत ओतूरला," मी म्हणाले. डायोडचं पाकीट माझ्या पर्समध्येच होतं.

"असू दे. घाई न्हाई."