तक्त्यानंतरचं पान

नारायण पेठेतले ते बाइंडर प्रबंध शिवण्याआधी पानं हलकेच चाळतात, झोपलेल्या मुलाच्या केसांतून हात फिरवावा तसं. वर्षानुवर्षं मी पुस्तकं बांधून घ्यायला त्यांच्याकडे जातोय, पण बोलणं मोजकंच.

माझ्या प्रबंधातल्या एका तक्त्यापाशी मात्र ते थांबले. बारावीनंतर मुलगे पुढे किती वर्षं शिकतील, याची भारत आणि जपानमधली तुलना होती ती.

“अहो, बारावीनंतर मी इथंच बसलोय. ही वर्षं कुठल्या रकान्यात धरलीत?”

“ती धरत नाहीत, काका.”

“बरं,” म्हणाले आणि कितीतरी वेळ खळ ढवळत राहिले.

प्रबंध हाती आला, तेव्हा त्या तक्त्यानंतर एक कोरं पान होतं. एक पान कधी इकडचं तिकडं होऊ न देणाऱ्या माणसानं ते शिवलं होतं.

मी ते काढायला सांगितलं नाही.