एन्सिओचा लॅपटॉप अडेनासा झाला

आमच्या तळ्याकाठच्या नाचघरात मी कॉफी आणि भाजलेली सॉसेजेस विकते आणि तोंड चालवते. दोन्ही कामं मला झकास जमतात. गाणी लावायचं काम एन्सिओचं. त्याने उभा जन्म रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी हाकली आणि निवृत्त झाल्यावर हे काम धरलं. नाचघराच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपमागे एन्सिओचं टक्कल, असं आमचं शनिवारचं चित्र.

एन्सिओ नाचत मात्र नाही. कुणी म्हटलं, "चल की रे", तर त्याचं ठरलेलं उत्तर, "कसा येऊ? यंत्र अडतं." आणि अडायचंही खरंच. दोन-तीन गाणी झाली की त्या जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागायचा, पडदा गोठायचा आणि एन्सिओ त्याच्या पाठीवर एक चापट द्यायचा. पण मी काय आज आलेय? अहो, यंत्र अडायचं ते या माणसाच्या पथ्यावरच पडायचं.

कारण साऱ्या गावाला ठाऊक आहे. तरुणपणी याच फरशीवर एन्सिओ ओरवोक्कीला नाचायला विचारायला निघाला होता. पठ्ठ्या अर्ध्या वाटेवर पोचला तोवर दुसरा गडी तिच्यापुढे जाऊन वाकलासुद्धा. त्याच गड्याशी पुढे तिचं लग्न झालं. एन्सिओ अर्ध्या वाटेवरून मागे फिरला, तो पुन्हा कधी ती फरशी ओलांडून कुणाला विचारायला गेला नाही. तो गडीही वारला, त्याला आता बरीच वर्षं झाली.

आमच्याकडे भिंतीवर दोन पाट्या आहेत. एक पेटली की बायकांनी विचारायचं, दुसरी पेटली की पुरुषांनी. तासातासाला पाटी बदलते. विचारलं की नाही म्हणायचं नाही, दोन गाणी नाचायचं आणि बाईला जिथून उठवलं तिथे परत नेऊन बसवायचं. चर्चला दांडी मारणारे पुष्कळ आहेत, पण पाटी मोडणारा आजवर कुणी निघाला नाही. आणि ती पाटी एन्सिओच्या हाती, त्याच्या लॅपटॉपवर, म्हणजे मिनिटाचाही फरक नाही.

मागच्या उन्हाळ्यात ओरवोक्कीने त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा यंत्र अडलं. यंदा जूनमध्ये ती माझ्यासमोर कॉफी ढवळत म्हणाली, "रायली, हिवाळ्याआधी मुलीकडे औलू शहरात जाऊन राहावं म्हणते. इथे आता कोण आहे माझं?"

"आहे की!" मी उसळले. "तो बघ, बसलाय पंख्याची घरघर ऐकत!"

ती हसली. "मी आणखी किती विचारायचं गं?"

मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

जुलैत तो जुना लॅपटॉप एकदाचा गेला. ग्रंथालयातल्या मेर्वीने एन्सिओला नवा निवडून दिला आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. त्या शनिवारी तो दुपारीच आला आणि नवं डबडं माझ्या काउंटरवर उघडून बसला. तोंड असं, जणू नवी सून घरात आलीय आणि ती कशी निघते कुणास ठाऊक.

"याच्या पंख्याला आवाजच नाही," तो म्हणाला. लॅपटॉपला कान लावून बघितलं. "जिवंत आहे ना हे?"

"गाणं वाजतंय ना? मग आहे जिवंत."

"सगळं इकडचं तिकडे केलंय बघ. गाण्यांचा कप्पा खाली असायचा, तो आता डावीकडे. पाटीची कळ वर गेलीय. नव्या घरात दिव्याचं बटण चाचपावं तसं झालंय." मग जरा वेळाने, अगदी हळू, "पण कॉफी ओतून होईस्तोवर सुरू झालं. आणि काही विचारत नाही, काही विकत घे म्हणत नाही. चांगलं आहे गं."

"आणि अडत नाही."

"पहिलाच दिवस आहे. नजर ठेवायला हवी."

"ठेव, ठेव! नाचता येईना अंगण वाकडं. आता अंगणही सरळ झालं, बघू काय करतोस ते!"

तो लाल झाला आणि लॅपटॉप उचलून टेबलाकडे गेला.

संध्याकाळी तळ्यावर ऊन होतं, डास होते आणि गर्दीही चांगली होती. पुरुषांचा तास सरला. लॅपटॉप एकदाही अडला नाही. एन्सिओ दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसून होता, कारण हाताला कामच नव्हतं. मग पाटी बदलली. ओरवोक्की निळा झगा सावरत उठली आणि सरळ त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मी हातातला चिमटा तसाच धरून बघत राहिले. सॉसेज करपलं. करपू दे म्हटलं.

एन्सिओने लॅपटॉपकडे पाहिलं. किती आशेने पाहिलं! ते शहाणं डबडं आपलं वाजतच राहिलं.

"हे... अडत नाहीये," तो म्हणाला.

"दिसतंय मला," ओरवोक्की म्हणाली.

नाचले दोघं. एक टँगो, एक वॉल्ट्झ. एन्सिओची पावलं बरी पडत होती, मेल्याने कुठे सराव केला होता देव जाणे. दोन गाणी संपली. त्याने तिला रीतीप्रमाणे जागेवर नेऊन बसवलं, मान लववली आणि टेबलाकडे परत गेला. माझा जीव नुसता तळमळला. झालं, संपलं! तिने त्याच तासात पुन्हा त्यालाच विचारावं, तर गावभर चर्चा. त्याने विचारावं, तर पाटी बायकांची, आणि तास सरायला अजून कितीतरी वेळ.

एन्सिओ बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने घड्याळ पाहिलं. मग लॅपटॉपवर वाकला, कळ शोधायला त्याला जरा वेळ लागला, आणि भिंतीवर पुरुषांची पाटी पेटली.

"ए एन्सिओ, घड्याळ बघ की!" माझ्या काउंटरशी टेकलेला एकजण ओरडला. सगळे पुरुष तिथेच होते, कप हातात घेऊन, तोंडात पाव कोंबून, कारण तास बायकांचा होता. उठायच्या तयारीत एकही नव्हता.

दोन गाणी झाल्यावर सगळी जोडपी जागेवर परतली होती, अख्खी फरशी मोकळी होती. एन्सिओ चालत निघाला. अर्ध्या वाटेवर क्षणभर थबकला, आणि पुढे गेला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तो ओरवोक्कीपुढे वाकला. तिने त्याच्या खांद्यावरून टेबलाकडे पाहिलं.

"आणि यंत्र?"

"त्याचं ते बघून घेईल," एन्सिओ म्हणाला आणि हात पुढे केला.