पोफळीमागे लपलेली बाई

माझ्या दुसऱ्या कादंबरीत, एक्केचाळिसाव्या पानावर, खून करवणारी बाई एका पोफळीमागे लपते आणि पोलीस समोरून निघून जातात. ज्यांनी पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, पाहिलेलं नाही त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. त्यांच्यासाठी सांगते: पोफळीचं खोड माणसाच्या मांडीएवढं. त्यामागे मांजर लपेल, तेही शेपूट बाहेर ठेवून.

पहिल्या कादंबरीत असलं काही नव्हतं. त्यात श्रीवर्धनजवळच्या एका सुपारीच्या वाडीत खून होतो. (सुपारी आणि खून म्हटल्यावर जो विनोद सुचतो तो मला आजवर प्रत्येकाने ऐकवलाय, तेव्हा तो राहू द्या.) शेवटी खुनी सापडतो, पण त्याला फूस लावणारी बाई निसटते. पुस्तक खपलं, आणि सात वर्षं लोक मला विचारत राहिले की ती बाई गेली कुठे. लग्नाच्या पंगतीत विचारलं, बँकेच्या रांगेत विचारलं, दातांच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात हत्यार असताना विचारलं. सात वर्षांनी त्यांना कळलं की ती पोफळीमागे होती.

पत्रं यायला लागली. पालीच्या एका निवृत्त मास्तरांनी खोडाचा घेर सुतळीने मोजला आणि सुतळी पत्राला टाचून पाठवली. एकाने पोफळीमागे उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो पाठवला. दोन्ही बाजूंनी पोट बाहेर, खाली एक अक्षर नाही. एका बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, "हा भागही तुम्हीच लिहिलाय का?" मला राग आला. मग रडूही आलं, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणाला, "खरं सांगू का?" मी म्हटलं, "नको."

पण भीती होती ती दिवेआगरच्या मामीची. तिला पुस्तक कुरियरने पाठवून महिना झाला होता आणि तिचा फोन नव्हता.

पहिली कादंबरी तिच्या पडवीत झाली. तेव्हा माझी नोकरी श्रीवर्धनला, आणि रविवारी मी मामीकडे. पडवीत वाळलेल्या सुपारीचा ढीग, भोवती सोलायला बसलेल्या पाच-सहा बायका आणि मामी. मी आठवड्यात लिहिलेलं वाचून दाखवायची, हातात पेन्सिल धरून. हात चालू असले की ठीक. हात थांबले की समजायचं, काहीतरी चुकलं. कोण कुठल्या बांधावरून आला, तेव्हा भरती होती की ओहोटी, वाडीला पाटाचं पाणी कधी सोडलं होतं, सगळं त्या बायका बघायच्या. खुनी म्हणतो, मी त्या दिवशी सकाळपासून सुपारी सोलत होतो. तिथे मामीचा हात थांबला. "आणि अंगठा बरा गुळगुळीत राहिला त्याचा?" तिने आपला अंगठा माझ्यापुढे धरला. चिरा पडलेला, काळा.

त्या अंगठ्यावर खुनी पकडला गेला. लोकांनी डोक्यावर घेतलं. एका मुलाखतीत त्याबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले, "लेखकाला डोळे उघडे ठेवावे लागतात." ती मुलाखत मामीने फोनवर पाहिली. "साडी छान होती," एवढंच म्हणाली.

मग माझी बदली पनवेलला झाली. मग वादळ आलं आणि मामीची जवळजवळ सगळी वाडी आडवी झाली. सुपारी नाही तर सोलायचं काय, बायका पांगल्या. मामी फोनवर विचारायची, "लिहितेस ना पुढचं? मग ये की घेऊन." मी म्हणायची, येते. आणि मनात म्हणायची, ढीग नाही, बायका नाहीत, आता कोणाला वाचून दाखवायचं? शिवाय आता मी लेखिका होते. माझं लिखाण तपासायला मुंबईत एक विद्वान गृहस्थ होते. त्यांनी सुपारी फक्त विड्यात पाहिली होती. एक्केचाळिसावं पान त्यांना फार आवडलं.

शेवटी एका रविवारी मनाचा हिय्या करून गेले. मामीने कोकम सरबत दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, मुलाची चौकशी केली. पुस्तकाचं नाव नाही. मीच म्हटलं, "मामी, वाचलंस का गं?"

तिने कपाटातून पुस्तक आणलं. कुरियरचं वेष्टण तसंच होतं.

"उघडलं पण नाहीस?"

"आधीचं तरी मी कुठे वाचलं होतं? ऐकलं होतं." मग तिने कुंपणापलीकडे हाक मारली, "ये गो, आली ती!"

पूर्वी सोलायला यायची त्यांतली एक बाई साडीला हात पुसत आली. हल्ली ती पर्यटकांच्या खोल्यांच्या चादरी धुते. मामीने आतून एक सूप आणलं. वादळानंतर लावलेल्या रोपांना यंदा पहिल्यांदा धरलेली सुपारी, जेमतेम सूपभर. वाळवून कधीची तयार होती, पण सोलली नव्हती.

"तू यायची होतीस ना," मामी म्हणाली आणि माझ्यापुढे पेन्सिल ठेवली.

"मामी, छापून झालंय गं."

"लोकांचं झालं. वाच."

मी वाचायला लागले. त्या दोघी सोलायला लागल्या. चाळीस पानं हात चालू होते, दोन-तीनदा अडखळले तेवढेच. एक्केचाळिसावं पान समोर आलं तेव्हा वाटलं, बदलून वाचावं, कोणाला कळणार आहे? लाज वाटली. आहे तसं वाचलं.

चारही हात थांबले.

"किती बारीक हाय ती बाई?" चादरी धुणारीने विचारलं.

मामी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "खोड ते."

मी छापलेल्या पानावर रेघ मारली. "मग कुठे लपवू तिला?"

मामीने एक सुपारी सोलून सुपात टाकली. दुसरी उचलली.

"लपवायची कशाला? आमच्यात आणून बसव. सोलणाऱ्या बायकांकडे कोण बघतंय?"

मी ते समासात लिहून घेतलं. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहिलं. ती म्हणाली, "हं, पुढे," आणि मी बेचाळिसावं पान उघडलं.