वाटणीत आलेला कॉम्प्युटर

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात मान खाली घातली असेल तर ती फक्त उघड्या कॉम्प्युटरच्या पेटीत फुंकर मारायला. एरवी साहेब असो की सासरा, भाऊजींची मान ताठ. मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं काढत राज्याची वाटणी झाली, भोपाळच्या सरकारी कचेरीतून भाऊजी रायपूरच्या कचेरीत आले, मागोमाग सामान आलं, त्यातला सर्वांत जुनाट कॉम्प्युटर नेमका त्यांच्या टेबलावर बसला. हार्ड डिस्क जात्यासारखी घरघरायची. शेजारच्या टेबलावरून मी म्हणायचो, बटण दाबा आणि चहाला चला. भाऊजींना मात्र तो अख्ख्या राज्याचा अपमान वाटे. "त्यायनं मुद्दाम धाडला हा. पाहून राहिले, छत्तीसगडवाले कसे चालवतात. चालवून दाखवतो त्यायले." मग सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून उडत येणारी काळी धूळ ब्रशने झाडायची, घरचा टेबलफॅन पेटीच्या तोंडाशी लावायचा आणि स्वतः घामाघूम बसायचं. यंत्र जरा वेगाने चालावं म्हणून दर शनिवारी डिफ्रॅग. विखुरलेल्या फायलींचे तुकडे जागेवर लागताना पडद्यावर रंगीत चौकोन सरकत, आणि भाऊजी क्रिकेटचा सामना पाहावा तसे पाहत. तेवढ्यात कुणाचा टेबलाला धक्का लागला तर ते नातंगोतं विसरत. माझं तर नेहमीच विसरत.

पुढे नवे कॉम्प्युटर आले आणि साहेबांनी हा कबाडात काढायला सांगितलं. भाऊजी अडून बसले. साहेब हसत म्हणाले, "ठीक है, सोमवार को लंच से पहले पगार का बिल निकाल दे, तो रख लेना." एरवी त्याला संध्याकाळ व्हायची.

शनिवारी डिफ्रॅगच अडला. डिस्क गच्च भरलेली, त्याला हवी मोकळी जागा. सरकारी फायली पुसता येईनात. उरले भोपाळच्या निरोपसमारंभाचे फोटो, कुणाच्या तरी डिजिटल कॅमेऱ्यातले, फ्लॉपीवर न मावणारे, दुसरीकडे कुठेच नसलेले. ज्यांच्यासोबत नोकरीची उमेदीची वर्षं गेली ती सगळी माणसं त्यात होती. भोपाळला शिव्या घालून झाल्या की भाऊजी गुपचूप तेच उघडून बसत. एकेक फोटो उघडेपर्यंत पान चघळून व्हायचं.

"राहू द्या भाऊजी, नवा घ्या," मी म्हटलं.

"काहून घेऊ? त्यायच्याच मशीनवर जिंकतो."

आणि पुसले. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला, आणि डिफ्रॅग पार पडला.

सोमवारी बिल जेवणाआधी निघालं. साहेबांनी शब्द पाळला, कॉम्प्युटर राहिला. आम्ही डबे उघडले, पण भाऊजी जागचे हलेनात. बोलवायला गेलो तर पडद्याकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "आता असते नं, तर कसे झटकन उघडले असते."