बौशरच्या वाळूवरची दोन वळणं

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, तू बाबांची परीक्षा घेतली होतीस का? तुमची आई हसली, बाबा चहा करायला उठून गेले आणि विषय बदलला. ही हकीकत खरं तर तुमच्या आजोबांनी सांगायची. ते तिथे हजर होते आणि कुणाच्याच बाजूचे नव्हते. ते आता नाहीत, म्हणून मी लिहून ठेवते. आईला वाचून दाखवायला सांगा, आणि मधलं काही गाळू नकोस असंही सांगा.

तेव्हा आम्ही मस्कतला रुवीत राहत होतो. आजोबा एका कंपनीत हिशेबनीस होते, मी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत गणित शिकवत होते. तुमची आई तिकडे, आल्प्सच्या पायथ्याशी, नुकतीच नोकरीला लागली होती. एके दिवशी तिने फोन करून सांगितलं की तिला एका मुलाशी लग्न करायचं आहे आणि तो स्की शिकवतो.

मी म्हटलं, "घसरायला शिकवायला शिक्षक लागतो?"

 त्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न करणार नाही. पण दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. डिसेंबरअखेर आम्ही आठ दिवस येतोय. त्याला भेट आणि मग काय ते सांग."

तिने शब्द दिला की पाळते, हे मला माहीत होतं. म्हणजे माझ्या हो किंवा नाहीवर तिचं पुढचं सगळं आयुष्य येऊन थांबलं होतं, आणि मनातून माझं नाहीच होतं.

तुमचे बाबा आले ते उन्हाने रापलेले, डोळ्यांभोवती तेवढा गॉगलचा पांढरा गोल. आजोबा माझ्या कानात म्हणाले, "घुबड आणलंय पोरीने." सामानात स्कीची एक जोडी होती. ओमानात वाळूच्या टेकड्या आहेत असं ऐकून त्याने ती आणली होती. जेवताना तो मला "आई" म्हणाला. तुमच्या आईने शिकवलं असणार. मी इंग्रजीत म्हटलं, "सध्या मॅडम म्हणा."

"बरं, मॅडम."

"तुम्ही नक्की शिकवता काय?"

तो घास गिळून म्हणाला, "घसरतात सगळेच, मॅडम. मी न घसरता वळायला शिकवतो."

शाळेत गणित विभाग माझ्याकडे होता; नवा शिक्षक ठेवायचा की नाही हे ठरवताना मी कधी मागच्या बाकावर बसून तास पाहिला नाही. मी त्याच्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, मला यातलं काही येत नाही असं समजा आणि शिकवा. माणूस त्यात लपत नाही. त्या रात्री जेवताना मी तेच म्हटलं, फक्त या वेळी समजायची गरज नव्हती. मला खरंच काही येत नव्हतं. वय पंचावन्न.

स्वयंपाकघरात तुमच्या आईने मला गाठलं. "तू त्याला नापास करायला चालली आहेस."

"मी शिकायला चालले आहे."

"तेच ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघं बौशरला गेलो. शहराच्या कडेलाच तिथे वाळूच्या टेकड्या आहेत. पहाटे दवाने वाळूचा वरचा थर जरा घट्ट असतो, ऊन चढलं की पायाखाली पीठ होतं. आजोबांनी स्कीच्या तळाला मेणबत्ती घासून दिली. तुमच्या आईने आणलेले तिचे स्कीचे बूट माझ्या पायात बसले. पंजाबी ड्रेसची सलवार त्या बुटांत कोंबून मी वर चढले तेव्हाच धाप लागली होती.

त्याने समजावलं ते असं. स्कीला मध्ये कंबर असते. ती नुसती एका कडेवर कलती केली आणि तिच्यावर भार दिला, की ती आपल्या आकाराप्रमाणे आपोआप वळते. शेपूट शेंड्याच्याच मागोमाग जातं आणि मागे बारीक रेघ उमटते. याला कापत वळणं म्हणतात. घाई करून टाच बाहेर ढकलली की स्की आडवी घासत जाते आणि मागे रुंद पट्टा उमटतो. वाळूवर हे बर्फापेक्षा फार अवघड आहे, हेही त्याने सांगितलं.

मी अर्थातच टाच ढकलली. पट्टा दारातल्या पायपुसण्याएवढा रुंद. तो म्हणाला, "छान, फार छान." पुन्हा वर चढले, पुन्हा ढकलली. "वा, मॅडम, उत्तम." मी मनात एक खूण केली, ती त्याच्या विरुद्ध होती. ज्या शिक्षकाला प्रत्येक उत्तर उत्तम वाटतं त्याच्या हाती मी वर्ग देत नाही. मुलगी तर दूरच.

दुसऱ्या दिवशीही तसंच.  तुमच्या आईने दोन दिवसांत नखं खाऊन संपवली होती.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वळताना अंग झोकून द्या. ओढ तुम्हाला धरून ठेवते. विश्वास ठेवा." हे मला लगेच समजलं. मंगळागौरीला मी पन्नाशीतही फुगडी घालत होते. तुम्ही पाहिली नसेल: दोघींनी हातांची अढी घालायची, पायांचे चवडे जुळवायचे, मागे रेलायचं आणि गरगर फिरायचं. जितकं रेलावं तितकी ओढ पक्की. मी उतारावर निघाले, वळण आलं तशी फुगडीसारखी मागे, बाहेरच्या बाजूला रेलले. दोन्ही स्की पुढे निसटल्या. उजवा गुडघा अंगाखाली मुडपला.

आजोबा धावत आले. "खलास. पुरे झालं हे. हाड मोडलं असतं तर?"

तुमची आई रडत नव्हती, पण तिचा चेहरा मला पाहवेना. तिला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. एक सबब हातात आली होती आणि ती अगदी सभ्य सबब होती.

तुमचे बाबा माझ्याशेजारी वाळूत बसले. सॉरी म्हणाले नाहीत, छानही म्हणाले नाहीत. गुडघा हळूच वाकवून पाहिला आणि विचारलं, "मी म्हटलं तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटलं?"

मी फुगडीचं सांगितलं. त्याला कळेना. म्हणाला, "करून दाखवा."

"या गुडघ्याने?"

मग तुमच्या आईने त्याचे हात धरले आणि त्या टेकडीवर फुगडी झाली. क्वाड बाईकवाली चार ओमानी पोरं गाड्या थांबवून बघत राहिली. तो दोनदा पडला. तिसऱ्यांदा जमली तेव्हा मध्येच थांबला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "चूक माझी आहे. यात पाय आत आणि डोकं बाहेर. स्कीवर बरोबर उलटं, पाय बाहेर आणि डोकं आत. मी शब्द चुकीचा वापरला."

 पस्तीस वर्षांत विद्यार्थ्याच्या चुकीतून स्वतःची चूक शोधणारे शिक्षक मी तीन पाहिले होते. हा चौथा असेल का, ते अजून ठरायचं होतं.

तीन दिवस गुडघा बर्फाने शेकला. सातव्या दिवशी क्रेप बँडेज बांधून मी पुन्हा गेले. आजोबा गाडीत म्हणाले, "एकदाच. मग मी ही लाकडं कोरड्या ओढ्यात फेकणार." दुसऱ्या दिवशी त्या दोघांचं विमान होतं.

मी वर उभी राहिले.  निघाले, डावीकडे कलले, पाय बाहेर आणि डोकं आत, आणि टाच ढकलायची नाही म्हणून दात आवळले. स्कीने मला वळवलं. मी काहीच केलं नाही, तिनेच वळवलं. मग उजवं वळण आलं, तिथे उतार एकदम तीव्र वाटला, आणि मी खाली पोचले ती उभीच.

तुमची आई टाळ्या वाजवणार तेवढ्यात तुमचे बाबा वर चढून गेले. माझ्या रेघेशी उकिडवे बसले आणि तिच्यावर हात आडवा ठेवून मोजलं. पहिल्या वळणावर चार बोटं. दुसऱ्यावर अख्खी वीत, वर आणखी. ते खाली उतरत असताना तुमची आई त्यांच्या भाषेत घाईने काहीतरी म्हणाली. मला ती भाषा येत नाही. पण पोटच्या पोरीचा स्वर कळायला भाषा लागत नाही. ती म्हणत होती, चांगलं झालं म्हण.

तो माझ्यासमोर उभा राहिला. कपाळावर घाम होता, आणि ऊन तर अजून चढलंही नव्हतं.

"पहिलं वळण कापलेलं आहे," तो म्हणाला. "दुसऱ्यात तुम्ही घाबरलात आणि टाच ढकललीत. ते घसरणं आहे, मॅडम."

तुमची आई मटकन वाळूत बसली.

मी विचारलं, "दुसरं सुधारायला काय करायचं?"

तो सांगायला लागला. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवायची, भार बाहेरच्या पायावर, नजर पुढच्या वळणावर. वाळूत बोटाने आकृत्या काढल्या, एक पुसून पुन्हा काढली. आपण इथे कशासाठी आलो आहोत हे तो पार विसरला होता. ऊन चढलं तरी थांबेना.

गाडीत मी आजोबांना म्हटलं, "पुण्याला फोन करून कार्यालयाची चौकशी करा."

"कसलं कार्यालय?"

"मंगल."

 आजोबांनी आरशात पाहिलं. "म्हणजे पास कोण झालं नक्की?"

"तुम्ही गाडी चालवा."

मग मी मागे न वळता तुमच्या बाबांना म्हटलं, "आता आई म्हटलंत तरी चालेल." दुसऱ्या दिवशी तुमची आई विमानतळापर्यंत माझा हात धरून होती, पण त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

मी पुन्हा स्कीवर उभी राहिले नाही. दुसरं वळण मला आलं नाही ते नाहीच. माझा उजवा गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, आणि मी फोनवर एखादी गोष्ट विचारली तर तुमचे बाबा अजूनही मला जे खरं असेल तेच सांगतात.